लग्न होईपर्यंत तरुण

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माणूस लग्न होईपर्यंत तरुण असतो. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण पाळतात मात्र दहा आज्ञांपेक्षा कडक. लग्न झालं की मुलगा पुरुष मंडळात जातो आणि मुलगी महिला मंडळात. तोवर दोघंही तरुण संघात. वय कोणी विचारत नाही. त्यामुळे वीस वर्षांची पोर लग्नानंतरच्या रविवारी साठीच्या बायकांत जाऊन बसते, आणि ज्याचं लग्न जमत नाही तो टक्कल पडलं तरी तरुणच राहतो.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण माझं आयुष्य भिंगारला एका दवाखान्यात गेलं. मी नर्स. नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं नर्सिंगच्या मुलींचं हॉस्टेलही माझ्याच गळ्यात होतं. आवाज मोठा आणि धीर थोडा, अशी माझी तिथे ख्याती. निवृत्त झाले आणि आम्ही आमच्या ह्यांच्या गावी, सोनईच्या पुढे, राहायला आलो. ह्यांना कांदा लावायचा होता आणि मला दुपारी झोपायचं होतं. ह्यांचा कांदा लागला. माझ्या झोपेवर मात्र मला पाणी सोडावं लागलं, आणि ते पाळकसाहेबांमुळे.

पाळकसाहेब म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, त्यांच्याकडे चार गावांच्या मंडळ्या. दर रविवारी ते मोटरसायकलवर धूळ खात एका उपासनेहून दुसऱ्या उपासनेला पळत असतात. एकदा आमच्या ओट्यावर चहा घेताना म्हणाले, "सिस्टरबाई, तुम्ही एवढ्या पोरी सांभाळल्या. आमचा तरुण संघ तेवढा बघा. नुसता नावाला उरलाय."

"मुलं किती आहेत?" मी विचारलं.

पाळकसाहेबांनी बशीकडे बघितलं. "येऊन बघाच," म्हणाले.

चर्चच्या मागे जुन्या शाळेची एक खोली आहे. शाळा केव्हाच बंद पडली, फळा तेवढा भिंतीवर राहिला. तिथे रविवारी उपासनेच्या आधी तरुण संघाची बैठक भरते. मी गेले तर सतरंजीवर पाच पुरुष बसलेले. चौघं पस्तिशीला टेकलेले. पाचव्याच्या मिशीला कलप लावलेला होता आणि कलप ओठालाही थोडा लागला होता. मला वाटलं, ही मुलांची वडीलमाणसं असावीत. मी म्हटलं, "मुलं कुठे आहेत?"

मिशीवाला उठून उभा राहिला. "सलाम, सिस्टरबाई. आमीच हाय."

त्या चौघांची कथा हल्ली गावोगावची आहे. दोन-तीन एकर जमीन, स्वभावाने गरीब, आणि मुलीकडचे विचारतात नोकरी कुठे आहे. लग्न जमेना म्हणून बिचारे तरुण. पाचवा मात्र सेहेचाळीस वर्षांचा होता. तीन बहिणींची लग्नं लावता लावता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. गावातल्या दूध संकलन केंद्रावर तो कामाला होता, आणि विशीत असताना जो तरुण संघाचा सेक्रेटरी झाला तो अजून सेक्रेटरीच होता. त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. लहान-थोर सगळे सेक्रेटरी म्हणत. चारचौघांत त्याची आईसुद्धा म्हणे, "आमचा सेक्रेटरी आला का हो इकडं?"

त्या दिवशी मी दारात स्टुलावर बसून सगळं पाहिलं. सेक्रेटरीने प्रार्थना केली. सेक्रेटरीने बायबलमधला शास्त्रपाठ वाचला. गाणं त्यानेच उचललं, झांजाही त्यानेच वाजवल्या. मग शेगडी पेटवून चहा त्यानेच केला, आणि कप विसळायलाही तोच बसला. बाकीचे चौघं पाव्हण्यासारखे मांडी घालून बसले होते.

खरी तरुण मुलं बाहेर होती. कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने बसून मोबाईलमध्ये माना घातलेली सात-आठ पोरंपोरी. त्यातली एक पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायची. दोघं सोनईला कॉलेजात होते. मी त्यांना विचारलं, "आत का येत नाही रे?"

"आत येऊन काय करायचं?" भरतीवाली पोरगी म्हणाली. "तिथं आमच्या वाटचं काई कामच न्हाई."

मला ते उत्तर पटलं. मी घरी जाऊन ह्यांना म्हटलं, तुमच्या गावचा तरुण संघ म्हणजे एका माणसाचा संसार आहे. हे कांद्याच्या रोपातून मान न काढता म्हणाले, "मग मोडू नकोस कोणाचा संसार." ह्यांचं हे असं, कधी नाही ते बोलतील आणि नेमकं तेच बोलतील.

त्याच सुमारास राजूरकडची एक मुलगी लग्न होऊन आमच्या गावात आली. वीस वर्षांची. माहेरच्या मंडळीत तिने संडे स्कूल चालवलं होतं, नाताळच्या नाटकात चार-चार भूमिका केल्या होत्या, ढोलकीसुद्धा बरी वाजवायची. इथे आल्यावर ती नियमाप्रमाणे महिला मंडळात बसली. महिला मंडळात मीही असते, म्हणून सांगते, तिथे प्रार्थना लांब आणि पंखा बंद. तिसऱ्या रविवारी ती पोर माझ्या शेजारी बसल्या बसल्या पेंगायला लागली. मी कोपराने ढोसलं तर दचकून "आमेन" म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. मला मात्र वाईट वाटलं. एवढी उमेदीची पोर आणि आम्ही तिला म्हाताऱ्यांत बसवून झोपायला शिकवत होतो.

मग मी ठरवलं. आमच्या चर्चच्या वरच्या कार्यालयाचा नियम होताच, तरुण संघ म्हणजे पंधरा ते पस्तीस. आमच्याकडे तो कोणी मोजत नसे, एवढंच. पाळकसाहेब आले त्या रविवारी मी उपासनेनंतर सर्वांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, की आजपासून तरुण संघ वयावर चालेल, लग्नावर नाही. ज्या सुना पस्तिशीच्या आत आहेत त्या तरुण संघात येतील. जे पस्तिशीच्या वर आहेत ते पुरुष मंडळात जातील.

पस्तिशीच्या वर एकच जण होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांच्या माना एकदमच त्याच्याकडे वळल्या. सेक्रेटरी मागच्या बाकाजवळ उभा होता. त्याने खिशात हात घातला, खोलीची किल्ली काढली, चालत पुढे आला आणि माझ्या हातावर ठेवली. "बराबर हाय, सिस्टरबाई," म्हणाला. एवढंच. आणि तो दारातून बाहेर गेला.

नियम बरोबर होता. मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

पुढच्या रविवारी तरुण संघाची जी फजिती झाली ती बघण्यासारखी होती. सतरंज्या कोणी घातल्या नव्हत्या. माठ कोरडा. खोलीत फळ्याखाली एक कुत्रं झोपलेलं, ते उठायला तयार नाही. शास्त्रपाठ वाचायला कॉलेजातला मुलगा उभा राहिला, तर त्याने भलतंच पान उघडलं आणि अमक्यापासून तमका झाला अशी सगळी वंशावळ अडखळत वाचून काढली. थांबायचं कुठे हे त्याला कळेना आणि त्याला थांबवायचं कसं हे आम्हाला कळेना. चहात साखरच नव्हती. मला वॉर्डातल्यासारखं ओरडावंसं वाटत होतं. पण राजूरची सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही बोलू नका. तुम्ही बोललात की परत एकच माणूस सगळं करणार." म्हणून मी ओठ मिटून बसले. माझ्या आयुष्यातलं ते सर्वात अवघड नर्सिंग.

त्या पोरीने काय केलं असेल तर फक्त एवढंच, की प्रत्येकाला एकेक काम दिलं आणि ते बिघडलं तरी त्याच्याकडून काढून घेतलं नाही. वंशावळवाल्याने पुढच्या वेळी पाठ घरी चारदा वाचून आणला. भरतीवाली पोरगी माठ भरायला लागली, म्हणून खोलीची किल्ली मी तिच्याकडे दिली, आणि माठ भरता भरता ती आणखी दोघींना घेऊन आली. ते चौघं पस्तिशीवालेही बदलले. पाव्हणेपण सोडून त्यांनी मागची पडकी भिंत लिंपली, नेट बांधलं आणि पोरांना व्हॉलीबॉल शिकवायला लागले. आमच्या गावातली काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्यातही चार तरुण मुलं आहेत. ती तिकडे उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, टाकून राहतात. रविवारी आमची पोरं त्यांना मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावायला लागली. त्यांच्या मागे ऊस दिसायचा, आमच्या मागे फळा. गाणं तिकडून एक ओळ मागे ऐकू यायचं आणि सगळे हसायचे. पलीकडच्या वस्तीवरच्या कॅथलिक घरांतली मुलंही व्हॉलीबॉलच्या निमित्ताने यायला लागली, आणि खेळून झालं की गाण्यालाही बसायला लागली. भिंतीवर आता फक्त कावळे बसायचे.

मी समाधानी होते. पाळकसाहेब तर मला बघितलं की मोटरसायकलवरूनच हात उंचावायचे.

एका सकाळी सेक्रेटरीची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी चहा पुढे केला, तिने कपाला हात लावला नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"रागावू नका, सिस्टरबाई," म्हणाली. "पन तुमी माझ्या लेकाला एका दिसात म्हातारा केला."

"अहो आई, सेहेचाळीस म्हणजे काही म्हातारा नाही."

"ते तुमाला. त्यानं मिशीला कलप लावायचं सोडलं. रविवारी उपासनेला येतो अन् मागच्या मागं निघून जातो. पुरुष मंडळात न्हाई, कुटंच न्हाई. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडतो. त्याला बायको न्हाई, लेकरू न्हाई. तेवढा एक संघ हुता."

ती गेल्यावर मला त्याची दया आली, आणि रागही आला. पुरुष मंडळ काय मैलभर लांब होतं? उपासना संपली की ते चर्चच्याच ओट्यावर बसतं. चार पावलं चालून जायचं आणि बसायचं, त्यात एवढं काय?

हेच त्याला विचारायला मी दुसऱ्या दिवशी किटली घेऊन दूध केंद्रावर गेले. आमच्या गाईचं दूध रोज हे घालतात, त्या दिवशी मी हट्टाने गेले. किटल्यांची रांग लागली होती. मी सरळ पुढे गेले तर तो मशीनवरून नजर न काढता म्हणाला, "लायनीत या, सिस्टरबाई." मी निमूट रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा मागे कोणी नव्हतं.

"पुरुष मंडळात का बसत नाहीस?" मी विचारलं.

त्याने दूध मापात ओतलं. "बसून बोलू काय? एकाची पोरगी बारावीला हाय. एकाचा जावई रुसलाय. एकाला सुनेचं बाळंतपन करायचंय. माझ्याकडं काय हाय बोलाया?"

"आणि तरुण संघात काय होतं तुझ्याकडे बोलायला?"

"तितं बोलावं लागत न्हवतं. तितं काम हुतं."

मी म्हटलं, काम काय, पुरुष मंडळातही असतं. तो हसला, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "ते म्हनत्यात, ये की. पन येऊन बसायचं म्हनजे कोन म्हनून बसायचं? त्यांच्यातला प्रत्येक जन लगीन करून आला. मी असाच कसा जाऊन बसू? कोनी ढकलून दिल्यावानी?"

दूध घालून रिकामी किटली घेऊन मी घरी आले.

ईस्टर जवळ आला. आमच्याकडे ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात होते. त्याआधी कबरी स्वच्छ करून चुना द्यायचा, हे दरवर्षीचं काम. पण कित्येक वर्षांत तिथे वेड्या बाभळी एवढ्या माजल्या होत्या की अर्ध्या कबरी दिसेनाशा झालेल्या. यंदा तरुण संघाने ते अंगावर घेतलं. ऊसतोडीहून परतलेली मुलं होती, त्यांच्या हातात कोयते. बाभळी तोडायला त्यांना दोन सकाळी पुरल्या. बाकीच्यांच्या हाताला फोड आले आणि ती ते एकमेकांना पदक मिळाल्यासारखे दाखवत होती. दुपारी सगळे कडुनिंबाखाली भाकरी खायला बसले. मीही मिरचीचा ठेचा घेऊन गेले होते.

राजूरची सून माझ्या शेजारी बसली. तिच्या केसांना चुना लागला होता. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "काकू, सेक्रेटरीदादांना निरोप कोणी दिला?"

"कसला निरोप?"

मी विचारून बसले. मग मला कळलं ती काय म्हणते ते. आमच्या मंडळ्यांत रीत आहे. तरुण संघातल्या कोणाचं लग्न ठरलं की शेवटच्या बैठकीत त्याला निरोप देतात. हार घालतात, भिंतीवरचं घड्याळ भेट देतात, दोन शब्द बोलतात, प्रार्थना करतात. मग टाळ्या वाजवत, गाणं म्हणत त्याला चर्चच्या ओट्यापर्यंत नेतात. तिथे पुरुष मंडळाचा अध्यक्ष उभा असतो, तो हात धरून वर घेतो. मुलगी असली तर महिला मंडळाच्या बायका घेतात. आमच्या गावात इतकी वर्षं हा सगळा सोहळा कोण करायचं? सेक्रेटरीच. हार आणायचा तो, घड्याळ गुंडाळायचा तो, भाषण त्याचं. त्याच्याहून धाकट्या किती जणांना त्याने ओट्यावर पोचवलं असेल देव जाणे.

"माझ्या निरोपाला मी माहेरी ढसाढसा रडले," सून म्हणाली. "पण दुसऱ्या दिवशी मला कळत होतं, आता मी इकडची नाही, तिकडची. दादांची तर आपण नुसती किल्ली घेतली."

मी जरा चिडूनच म्हटलं, "अगं, पण लग्न ठरल्याशिवाय निरोप कसा द्यायचा?"

"निरोप लग्नाला थोडाच असतो? निरोप तरुण संघातून असतो."

मी ठेच्याचा घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यानेच आलं, असं मी तेव्हा सांगितलं.

ईस्टरनंतरच्या रविवारी निरोप द्यायचा ठरला. त्याला कळू द्यायचं नाही, हेही ठरलं. पाळकसाहेबांना सांगितलं, पुरुष मंडळाला सांगितलं, त्याच्या आईला सांगितलं. तोंडातून जाईल या भीतीने ती माउली दोन दिवस लेकाशी बोललीच नाही. घड्याळ पोरांनी आणलं. हाराची ऑर्डर सोनईच्या फुलवाल्याला फोनवर दिली. आणि इथेच आमचं चुकलं. आमच्या मंडळीचे हार इतकी वर्षं एकाच माणसाने नेलेले. फुलवाल्याने आपला सवयीने सेक्रेटरीलाच फोन लावला की, तरुण संघाचा हार तयार आहे, सकाळी नेता का?

रविवारी मी लवकर गेले, म्हटलं सतरंज्या तरी घालू. खोलीचं दार सताड उघडं. आतला केर निघालेला, सतरंज्या सुरकुतीशिवाय घातलेल्या, माठ भरलेला, त्यावर धुतलेलं भांडं पालथं. खिडकीच्या खिळ्याला ओल्या फडक्यात गुंडाळून हार टांगलेला. आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात सेक्रेटरी फळा पुसत होता. किल्ली त्याने भरतीवाल्या पोरीच्या घरून मागून आणली होती. ती पहाटे पळायला गेलेली, तिच्या आईला आमचा बेत ठाऊक नव्हता, तिने देऊन टाकली.

"सलाम, सिस्टरबाई," तो म्हणाला. "कोनाचं ठरलं? मला कोनी सांगितलं न्हाई. असू दे. म्हनलं हार तर आपन न्यावा, पोरं ईसरत्यात. अन् सतरंज्या बी धड घालीत न्हाईत." मग जरा थांबून, "घड्याळ आनलंय ना? न्हाईतर माझ्याकडं एक जास्तीचं पडलंय."

स्वतःच्या निरोपाला सतरंज्या घालणाऱ्या माणसाला काय सांगायचं असतं? मी म्हटलं, "आणलंय." आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

मुलं जमली. त्याला आत बघून सगळ्यांचे चेहरे पडले, मग एकमेकांकडे बघून ती हसायला लागली. पण गुपित कोणी फोडलं नाही. गाणं झालं. प्रार्थना झाली. तो दाराशी उभा राहून नवरदेव कोण ते शोधत होता. त्या चौघांपैकी एकाच्या पाठीवर त्याने थापही मारली, "तूच का रं?"

राजूरच्या सुनेने खिळ्यावरचा हार काढला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने हार घ्यायला दोन्ही हात पुढे केले. दरवेळी तोच हार धरायचा आणि पाळकसाहेबांच्या हातात द्यायचा.

"मान खाली करा, दादा," ती म्हणाली.

त्याने मागे वळून पाहिलं. मागे दार होतं आणि दारात मी होते. मी मान हलवली. तेव्हा त्याला कळलं. त्याने मान खाली केली ती हार गळ्यात पडल्यावरही बराच वेळ वर केली नाही.

"भाषण?" कोणीतरी म्हणालं.

"भाषण दादांचंच," सून म्हणाली. "दुसऱ्या कोणाला येतंय?"

त्याने घसा खाकरला. त्याचं भाषण एकच होतं, सगळ्यांना तेच. "आज आपल्यातला एक जन," त्याने सुरुवात केली, आणि त्याला पुढे बोलवेना. तेव्हा त्या चौघांनी, ज्यांनी ते भाषण सगळ्यात जास्त वेळा ऐकलं होतं, बसल्या जागेवरून एका सुरात ते पुरं केलं. "आपल्यातून चाललाय. पन लांब न्हाई चालला, शेजारच्या ओट्यावर चाललाय."

खोली हसण्याने भरून गेली, आणि हसतच ती पोरं उठली. चालवत नेण्याची रीत होती, पण ऊसतोडीच्या पोरांनी त्याला सरळ खांद्यावर घेतलं. तो "आरं पडंल, आरं मी जड हाय" म्हणून ओरडत होता. राजूरची सून ढोलकी वाजवत पुढे. महिला मंडळाच्या बायका चर्चच्या पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यात त्याची आई सणाचं लुगडं नेसून.

ओट्यावर पुरुष मंडळ त्या दिवशी उपासनेआधीच जमलं होतं आणि अध्यक्ष पुढे उभा होता. तो सेक्रेटरीहून सहा-सात वर्षांनी लहान, आणि त्याच्या निरोपाचा हार सेक्रेटरीनेच आणला होता. त्याने हात पुढे केला, सेक्रेटरीला वर घेतलं आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. दोघं-तिघं सरकले. जागा झाली.

मुलांनी चहा आणला. तरणी पोरं ट्रे घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढू लागली तसा सेक्रेटरी सवयीने अर्धा उठला. अध्यक्षाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं आणि पहिला कप त्याच्या हातात दिला.

"बोला सेक्रेटरी," तो म्हणाला. "पुरुष मंडळात काय काम घेता? घंटा, पानी, का हंगामाच्या सनाचा मांडव?"

सेक्रेटरीने चहाचा घोट घेतला. पोरं तिकडे खोलीत सतरंज्यांच्या घड्या घालत होती, वेड्यावाकड्या, दारातून दिसत होत्या. त्याने त्या पाहिल्या. मग पाय लांब केले आणि पाठ भिंतीला टेकली.

"घिईन की," तो म्हणाला. "पन आज न्हाई. आज मला नुस्तं बसू द्या."